पंचांगातला हर्षल

आमच्या घरी गुढीपाडव्याला नवे पंचांग आले की पहिला मान वडिलांचा. त्यांनी वर्षफल वाचून घरच्यांना ऐकविले की मग ते आम्हां मुलांच्या हाती येई. त्यातल्या कुंडल्यांच्या घरांतून रवी, चंद्र, मंगळ, गुरू अशी ओळखीची मंडळी बसलेली असत, आणि त्यांच्या पंक्तीला अंग चोरून बसल्यासारखा एक हर्षल. हा कोण, म्हणून विचारले तर कोणास धड सांगता येत नसे. नवग्रहस्तोत्रात त्याचे नाव नाही, त्याचा वार नाही, त्याला तेल वाहावे लागत नाही. पुढे मुलांची नावे हर्षल ठेवण्याची चाल पडली आणि लोकांनी हर्ष या शब्दाशी त्याचे गोत्र जुळवून टाकले. अशाच एका बारशाला मी सहज बोलून गेलो, की हे मूळ एका जर्मन वाजंत्र्याचे आडनाव आहे. तेव्हा बाळाच्या आत्याने माझ्याकडे असे काही पाहिले, की मी आपल्या वाटच्या घुगऱ्या घेऊन मुकाट्याने घरी आलो.

पण गोष्ट खरी आहे. विल्यम हर्शेलने १७८१ मध्ये शनीच्या पलीकडचा ग्रह शोधला आणि आपल्या राजाचे नाव त्याला दिले. इतर देशांना ते रुचेना, म्हणून कित्येक जण शोधणाऱ्याच्याच आडनावाने त्याला ओळखू लागले. युरोपात शेवटी युरेनस हे नाव रूढ झाले. आमच्या पंचांगात मात्र हर्षल राहिला तो राहिलाच. त्या ग्रहाची हकिकत पुष्कळांनी लिहिली आहे. मला सांगावयाचे आहे ते याच माणसाने आठ वर्षांनी पाहिलेल्या एका ठिपक्याविषयी. तो ठिपका म्हणजे शनीचा एक बर्फाळ चंद्र, नाव एन्सेलॅडस. त्याची कथा हर्शेलच्या कथेत, आणि हर्शेलची कथा त्याच्या धाकट्या बहिणीच्या कथेत अशी गुंतली आहे, की एक धागा ओढला तर तिन्ही हलतात.

हर्शेलचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ चा, जर्मनीतील हॅनोव्हर शहरचा. बाप आयझॅक तेथल्या गार्ड पलटणीच्या बँडमध्ये ओबो वाजवी. ओबो हे आपल्या सनईच्या कुळातले वाद्य. घरी खाणारी तोंडे पुष्कळ आणि तनखा बेताचा; तरी बापाला दोन नाद होते, एक संगीताचा व दुसरा आकाशातल्या ताऱ्यांचा, आणि दोन्ही त्याने मुलांना लावले. चौदाव्या वर्षी विल्यम त्याच बँडमध्ये लागला. १७५७ च्या जुलैत हास्टनबेक येथे फ्रेंचांशी लढाई झाली, हॅनोव्हरच्या बाजूची हार झाली, आणि त्यानंतर बापाच्याच सल्ल्याने हा एकोणीस वर्षांचा पोरगा इंग्लंडास निघून गेला. पळपुटा म्हणून पुढे त्याला लोकांनी नावे ठेवली. परंतु १७६२ मध्ये त्याची रीतसर सुटका झाल्याचा कागद आहे.

इंग्लंडात त्याने प्रथम स्वरलिपीच्या नकला करून पोट भरले. मग शिकवण्या, मग गावोगावच्या मैफली. चोवीस सिंफनी त्याने रचल्या, हे आज कोणाच्या ध्यानीमनीही नसते. १७६६ मध्ये हॅलिफॅक्स गावच्या चर्चमध्ये ऑर्गनवादकाची जागा निघाली तेव्हाची एक गोष्ट सांगतात. आधीच्या उमेदवारांनी बोटांची मोठी कसरत केली. हर्शेल बसला तेव्हा मात्र वाद्यातून असा भरघोस, गंभीर नाद निघाला, की ऐकणारे चकित झाले. इतके सूर दहा बोटांतून येतातच कसे? त्याने खालच्या एका पट्टीवर आणि तिच्या सप्तकावरच्या जोडीदार पट्टीवर शिशाची दोन वजने ठेवली होती. ती दोन्ही अखंड वाजत राहिली आणि वर बोटे मोकळी. मागे षड्ज भरत राहिल्याशिवाय गाणे उभे राहत नाही, हे आमच्या इंदुरात बैठका ऐकण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना सांगावयास नको.

त्याच सुमारास बाथ या उंची वस्तीच्या गावी ऑक्टॅगन चॅपेलचा ऑर्गनवादक म्हणून त्याला बोलावणे आले आणि त्याचे बस्तान बसले. १७७२ मध्ये तो हॅनोव्हरला जाऊन बहिणीला घेऊन आला. कॅरोलिन तेव्हा बावीस वर्षांची. दहाव्या वर्षी टायफसच्या तापाने तिची वाढ खुंटली, ती चार फूट तीन इंचांवरच राहिली. हिचे लग्न व्हावयाचे नाही, तेव्हा हिने जन्मभर घरची धुणीभांडी करावीत, असे आईने ठरवून टाकले होते. मुलीला अधिक काही शिकू द्यावयास ती तयार नव्हती. विल्यमने आईला मोलकरणीच्या पगाराची रक्कम दर वर्षी लावून दिली, तेव्हा कोठे बहिणीची सुटका झाली. एका घरातली राबणूक पैसे भरून सोडवून आणली, असाच हा व्यवहार होता; पुढे दुसऱ्या घरात तिच्या वाट्याला काय आले हे वाचकांना दिसेलच.

भावाने तिला गाणे शिकविले, आणि ती उत्तम गाऊ लागली. १७७८ साली हेंडेलच्या मसीहामध्ये ती मुख्य गायिका होती. बर्मिंगहॅमच्या उत्सवात गाण्यासाठी तिला आमंत्रणही आले. तिने ते नाकारले. भाऊ संचालन करणार असेल तेथेच गाईन, असा तिचा बाणा. मला राहून राहून वाटते, की ते आमंत्रण तिने घेतले असते तर!

कारण एव्हाना भावाच्या डोक्यात दुसरेच वेड शिरले होते. १७७३ मध्ये त्याने फर्ग्युसनचे ज्योतिषावरचे पुस्तक विकत घेतले. ताऱ्यांचे वर्णन वाचून भागेना, ते डोळ्यांनी पाहावेसे वाटू लागले. मोठी दुर्बीण घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून आरसे स्वतःच ओतावयास आणि घासावयास त्याने सुरुवात केली. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा. तो तासन्‌तास, हात न काढता, घासावा लागे. एकदा सोळा तास सलग घासणे चालले होते तेव्हा कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवीत होती. दिवाणखान्यात सुताराने नळी करावयास घेतलेली, निजण्याच्या खोलीत दुसऱ्या भावाने कातकाम मांडलेले. ओतकामाचा साचा घोड्याच्या लिदीचा. ती कुटून चाळणे हे या गायिकेचे काम. १७८१ च्या ऑगस्टात तळघरात तीन फुटी आरसा ओतताना साचा फुटला, तापलेला रस फरशीवर वाहिला, आणि दगडी लाद्या तोफेच्या गोळ्यांसारख्या उडू लागल्या. माणसे वाचली, एवढेच.

त्याच वर्षी १३ मार्चच्या रात्री न्यू किंग स्ट्रीटवरच्या घरामागच्या बागेतून, सव्वासहा इंची आरशाच्या घरगुती दुर्बिणीतून, त्याने तो नवा ग्रह पाहिला होता. प्रथम त्याला तो धूमकेतूच वाटला. ग्रह ठरल्यावर तिसऱ्या जॉर्ज राजाने त्याला वर्षाला दोनशे पौंड बांधून दिले. गाण्याच्या मिळकतीपेक्षा ही रक्कम पुष्कळ कमी होती. तरी १७८२ मध्ये हर्शेलने शिकवण्या सोडल्या, वाद्ये मिटली आणि तो विंडसरजवळ राहावयास गेला. कॅरोलिनचे गाणेही त्याच दिवशी संपले. तिला कोणी विचारले नाही.

आता तिचे काम रात्रीचे. भाऊ उघड्यावर शिडीच्या टोकाला उभा राहून दिसेल ते ओरडून सांगे. ही खिडकीशी घड्याळ आणि दिवा घेऊन ते टिपून घेई, दिवसा त्याची गणिते करी, साफ नकला करी. थंडीत शाई गोठावी अशा रात्री. १७८३ च्या ३१ डिसेंबरला बर्फातून धावत येताना दुर्बिणीच्या खटल्यातला एक लोखंडी आकडा तिच्या मांडीत रुतला. सोडविताना मांस तुटून तेथेच राहिले. तिने जखम स्वतःच बांधली. अशा वीस वर्षांत दोघांनी मिळून अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छ नोंदविले. भाऊ नसेल तेव्हा ती आपल्या लहान दुर्बिणीतून धूमकेतू शोधी. १७८६ ते १७९७ या काळात आठ शोधले. १७८७ मध्ये राजाने तिलाही वर्षाला पन्नास पौंड लावून दिले, आणि शास्त्रीय कामाचा पगार मिळविणारी ती इंग्लंडातली पहिली स्त्री ठरली.

स्लाऊ गावी १७८६ पासून त्यांचा मुक्काम होता. तेथे चाळीस फुटी दुर्बीण उभी राहात होती. राजाने दोन वेळा मिळून चार हजार पौंड दिले. नळीचा व्यास पाच फुटांच्या जवळपास, म्हणजे माणूस थोडे वाकून आतून चालत जाई. स्वतः राजेसाहेब कँटरबरीच्या आर्चबिशपांना घेऊन त्यातून चालून आले. आरसा चार फूट रुंद. पहिला आरसा पातळ निघाला. दुसरा ओतताना एकदा तडकला. शेवटी जो साधला तो सुमारे टनभर वजनाचा. त्याला घासावयास कामकऱ्यांच्या टोळ्या लागत आणि ओळखू यावेत म्हणून त्यांच्या अंगरख्यांवर आकडे घातलेले असत. लाकडी ओंडक्यांचा डोलारा, दोर, कप्प्या, आणि सारे खटले वर्तुळात फिरविण्याची सोय. पाहणारा नळीच्या तोंडाशी वर सज्ज्यात उभा. लांबून जत्रेतल्या पाळण्यासारखे ते दिसत असले पाहिजे. लोक लांबून लांबून पाहावयास येत.

ते १७८९ साल होते. फ्रान्सात बास्तील पडून दीड महिना झाला होता. इकडे पुण्यास सवाई माधवराव गादीवर होते आणि महेश्वरी अहिल्याबाई राज्य करीत होत्या. २८ ऑगस्टच्या रात्री ही नवी दुर्बीण शनीकडे रोखली गेली.

शनीचे पाच चंद्र तोवर माहीत होते. एक हायगेन्सने १६५५ मध्ये पाहिला, चार कॅसिनीने १६८४ पर्यंत. त्यानंतर एकशेपाच वर्षे नवा कोणी सापडला नव्हता. त्याचे कारण शनीचे कडे. त्याचा लखलखाट एवढा, की जवळचे बारके चंद्र त्यात बुडून जातात. परंतु दर चौदा-पंधरा वर्षांनी ते कडे आपल्याला नेमके धारेवरून दिसते, सुरीच्या पात्यासारखे, आणि जवळजवळ नाहीसे होते. १७८९ हे अशाच योगाचे वर्ष. त्या बारीक रेषेवर हर्शेलला ओळखीच्या पाचांबरोबर एक सहावा ठिपका दिसला. वास्तविक दोन वर्षांपूर्वी लहान दुर्बिणीतूनही त्याला त्याची चाहूल लागली होती, पण खात्री पटली नव्हती. आता कसोटी सोपी होती. शनी ताऱ्यांमधून सरकत होता. ठिपका म्हणजे तारा असता तर मागे पडला असता. तो मागे पडला नाही, शनीबरोबर गेला. पुढे १७ सप्टेंबरला याच दुर्बिणीतून सातवाही सापडला, तो मायमस. सहाव्याची फेरी एक दिवस, आठ तास, त्रेपन्न मिनिटांत पुरी होते असे हर्शेलने काढले, आणि आजच्या मापात व त्यात मिनिटभराचाही फरक नाही. बाकी तो काय आहे, कशाचा आहे, हे कळण्याची काही सोय नव्हती. त्याने त्याला नावसुद्धा दिले नाही.

तो काय आहे हे कळावयास जवळजवळ दोनशे वर्षे लागली. १९८१ च्या ऑगस्टात व्हॉयेजर २ हे यान शनीवरून गेले तेव्हा दिसले, की हा गोळा पांढराशुभ्र आहे, त्याच्यावर पडणारा जवळजवळ सगळा प्रकाश तो परत फेकतो, आणि त्याचे काही भाग ताज्या सारवणासारखे गुळगुळीत आहेत. आकार एवढासा, की इंदुरहून मुंबईपर्यंत सरळ दोरी धरली तर तेवढाच त्याचा व्यास, ५०४ किलोमीटर. एवढा लहान गोळा केव्हाच थिजून निर्जीव व्हावयास हवा. पण २००५ मध्ये कॅसिनी यानाने पाहिले, की त्याच्या दक्षिण ध्रुवाशी चार लांब भेगा आहेत आणि त्यांतून पाण्याची वाफ व बर्फाचे कण कारंज्यासारखे अवकाशात उडत आहेत, दर सेकंदाला सुमारे दोनशे किलो. त्यातले काही परत खाली पडून जमिनीला नवी पांढरी साय चढवितात. बाकीच्यांचे शनीभोवती एक फिकट कडेच तयार झाले आहे. बर्फाच्या कवचाखाली खाऱ्या पाण्याचा समुद्र सबंध गोळ्याभर पसरला आहे, हे २०१५ पर्यंत निश्चित झाले. यान त्या फवाऱ्यातून आरपार गेले होते. त्याच्या मोजमापांतून हायड्रोजन सापडल्याचे २०१७ मध्ये आणि फॉस्फेटे सापडल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. सूर्यमालेत पृथ्वीबाहेर जीव शोधावयाचा तर कोठे, या प्रश्नाच्या उत्तरात आज हा ठिपका पहिल्या दोन-चार नावांत असतो.

येथे मला हर्शेलची मौज वाटते. हा गृहस्थ चंद्रावर वस्ती मानी, ग्रहांवर मानी. १७९५ मध्ये तर सूर्याच्या तेजस्वी कवचाआड थंड भूमी असून तेथेही प्राणी राहात असावेत असे त्याने छापून प्रसिद्ध केले. जेथे जीव असणे शक्य नाही तेथे त्याला तो दिसला, आणि जेथे खरोखर शोधण्याजोगी जागा आहे तिच्यावरून त्याची नजर गेली ती फेरीचा काळ मोजून.

आणखी एक गोष्ट त्याच्यातल्या गवयाला आवडली असती. त्या समुद्राला ऊब पुरते ती लयीमुळे. कॅसिनीने शोधलेला डायोनी नावाचा चंद्र शनीभोवती एक फेरी घालतो तेवढ्यात एन्सेलॅडसच्या दोन होतात. एक ठाय, दुसरा बरोबर त्याच्या दुगुनीत. त्यामुळे डायोनीची ओढ ठराविक जागीच पुन्हा पुन्हा लागते, एन्सेलॅडसची वाट किंचित लांबट राहते, आणि शनी त्याला कधी जवळून तर कधी लांबून ओढीत कणकेसारखा मळीत राहतो. त्या मळण्याची ही ऊब.

पुन्हा स्लाऊला येतो. चाळीस फुटी दुर्बिणीने पहिल्याच रात्री चंद्र दिला खरा, परंतु पुढे ती फारशी लाभली नाही. आरसा ओलाव्याने काळवंडे, एवढे धूड वळवावयास वेळ जाई, इंग्लंडातले ढग आडवे येत. हर्शेलचे खरे काम जुन्या वीस फुटी दुर्बिणीवरच झाले. १८०० मध्ये तापमापकाने त्याने सूर्यप्रकाशातले न दिसणारे उष्ण किरण शोधले, त्याला तर दुर्बिणीचीही गरज पडली नाही.

घरात मात्र वेगळेच घडले होते. १७८८ च्या मे महिन्यात, पन्नाशीला आलेल्या हर्शेलने मेरी पिट नावाच्या संपन्न विधवेशी लग्न केले. सोळा वर्षे ज्या घराच्या किल्ल्या कॅरोलिनकडे होत्या ते घर तिने सोडले आणि ती भाड्याच्या खोलीत राहू लागली. रात्रीच्या कामाला ती येत राहिली. तिला रोजनिशी ठेवण्याची सवय होती. भावाच्या आयुष्यातले बारीकसारीक आपल्याला तिच्याचमुळे कळते. परंतु १७८८ ते १७९८ या दहा वर्षांची पाने तिने पुढे स्वतःच्या हाताने नष्ट केली. एन्सेलॅडस सापडल्याचे वर्ष त्यातच गेले. भावाचा शोधनिबंध आहे, वेधांच्या वह्या आहेत, आकडे आहेत. राजाची सर्वांत मोठी दुर्बीण उघडली त्या हंगामात या बाईच्या मनात काय होते, ते तेवढे नाही. भावजय स्वभावाने चांगली होती, दोघींचे पुढे जमले, भाच्यावर तर कॅरोलिनचा जीव होता. आणि म्हणूनच ती कडू पाने तिला मागे ठेवावीशी वाटली नसावीत, असा माझा तर्क आहे. काही चरित्रकार हे तिच्या मोठ्या मनाचे लक्षण म्हणून सांगून मोकळे होतात. मला तेवढे सहज म्हणवत नाही. गवयाच्या मागे तंबोरा धरून बसलेल्या माणसाने एखाद्या रात्री काय सोसले, ते त्याने बोलू नये अशीच सर्वांची सोय असते.

हर्शेल २५ ऑगस्ट १८२२ रोजी वारला, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी. बहात्तर वर्षांची कॅरोलिन त्याच दुःखात हॅनोव्हरला परत गेली आणि पन्नास वर्षांत बदलून गेलेल्या त्या गावी परक्यासारखी राहिली. तेथे बसून तिने भावाच्या साऱ्या तेजोमेघांची नवी यादी, भाच्याला वेध घेण्यास सोयीची पडेल अशी, लावून दिली. १८२८ मध्ये लंडनच्या ज्योतिष मंडळाने तिला सुवर्णपदक दिले. भाचा जॉन ती यादी घेऊन बापाचे काम पुरे करावयास निघाला, आणि उत्तरेचे आकाश संपल्यावर बायकामुलांसह आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जाऊन १८३४ पासून चार वर्षे दक्षिणेचे आकाश पाहात राहिला. परत आल्यावर, १८३९ च्या अखेरच्या दिवशी, जीर्ण झालेल्या चाळीस फुटी दुर्बिणीची नळी आडवी घालून तीत सारे कुटुंब बसले आणि निरोपाचे गाणे गायले.

जॉनचा दक्षिणेचा ग्रंथ १८४७ मध्ये छापून निघाला. शनीच्या चंद्रांना नुसते पहिला, दुसरा म्हणण्यात घोटाळा होतो, म्हणून ग्रीक पुराणातल्या दैत्यांची नावे त्याने या ग्रंथात सुचविली. बापाच्या सहाव्या चंद्राला एन्सेलॅडस नाव मिळाले. हा दैत्य देवीने सिसिलीतल्या एटना पर्वताखाली गाडला, आणि पर्वतातून वाफ निघते ती त्याच्या निःश्वासाची, अशी कथा आहे. बर्फाखाली गाडलेल्या त्या ठिपक्यातूनही वाफ निघते, हे कोणास कळावयास अजून एकशे अठ्ठावन्न वर्षे होती. खुद्द हर्शेलचे नाव शनीच्या परिवारात लागले ते शेजारच्या मायमसवर, तिथल्या सर्वांत मोठ्या विवराला.

ग्रंथाची एक प्रत हॅनोव्हरला पोहोचली तेव्हा कॅरोलिन सत्त्याण्णव वर्षांची होती. १७८९ च्या त्या रात्रींशी ज्यांचा संबंध होता त्यांतली ती अखेरची. पुढच्याच वर्षी, ९ जानेवारी १८४८ रोजी, ती गेली. तिच्या इच्छेप्रमाणे शवपेटीत दोन वस्तू ठेवल्या: विल्यमच्या केसांची एक बट, आणि बाप वापरीत असे ते, अक्षरे पुसट झालेले एक जुने पंचांग.